नाव सारखे, देश दोन

आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी समाज पिढ्यान् पिढ्या भात-नाचणी पिकवीत आणि हिरडा गोळा करीत आला आहे. तिकडे पाकिस्तानात, सिंधमधील थरपारकर-उमरकोट भागात कोल्ही नावाचा हिंदू समाज राहतो. नावे जुळतात म्हणून हे दोन्ही समाज एकच, असे समजू नका. मात्र दुखणे एकच होते. कर्ज काढायचे आणि ते फेडण्यासाठी दुसऱ्याच्या शेतात राबायचे.

आपल्याकडे या सावकारीविरुद्ध आंबेगाव तालुक्यातील जांभोरीच्या होन्या केंगले यांनी १८७३ मध्ये बंड पुकारले. १८७६ मध्ये ते पकडले गेले. स्वातंत्र्यानंतर कायदा कुळाच्या बाजूने उभा राहिला. १९४८ च्या कूळ कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ रोजी अनेक कुळे जमिनीची मालक झाली. बिगर-आदिवासींकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा महाराष्ट्राने १९७४ मध्ये केला. वेठबिगारीवर १९७६ मध्ये कायद्याने बंदी आली.

पाकिस्ताननेही १९५९ आणि १९७२ मध्ये जमीनधारणेवर मर्यादा घातली. पण ती धर्माला धरून नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये दिला. वेठबिगारीबंदीचा कायदा तेथे १९९२ मध्ये आला. कृष्णाकुमारी कोल्ही लहान असताना त्यांचे कुटुंब एका जमीनदाराच्या कैदेत होते. त्याच कृष्णाकुमारी २०१८ मध्ये पाकिस्तानच्या सिनेटवर निवडून आल्या! तरीही त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष किंवा पंतप्रधान मुसलमानच असावा, असे त्यांची राज्यघटना सांगते. आपल्या घटनेत अशी अट नाही. २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू या आदिवासी महिला राष्ट्रपती झाल्या.

मग आपले सगळे ठीक आहे का? नाही. डिंभे धरणाचे पाणी पूर्वेकडील शेतांना मिळाले, पण जुने आंबेगाव आणि आदिवासींच्या जमिनी त्याच पाण्याखाली गेल्या. शेजाऱ्याचे घर गळते म्हणून आपले कौल शाकारायचे राहून चालत नाही.

म्हणून भगिनींनो आणि बंधूंनो, हक्क कागदावर आहे तो पदरात पाडून घ्या. सातबाऱ्यावर कोणाची नावे आहेत, ते तलाठ्याकडे जाऊन पाहा. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावा आधी ग्रामसभेपुढे येतो, तेव्हा त्या दिवशी सभेला हजर राहा. हा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो आणि तो विकता येत नाही. घरच्या लक्ष्मीचे नाव त्यात आले की नाही, याची खात्री करून घ्या. आदिवासी शेजाऱ्याचा दावा अडला असेल, तर बाकीच्या गावानेही त्याच्या बाजूने बोलावे. समतेची परीक्षा दिल्लीत होते तशी चावडीवरही होते.