ब्रश संडासाचा, काळजी वुजूची

घर लावताना पडदे, सोफ्याची कव्हरे, किचनचे डबे यांवर आपण चार-चार दिवस चर्चा करतो. संडासाचा ब्रश मात्र दुकानातून निघता निघता हाताला लागेल तो उचलतो. आम्ही उलटे केले. टाइल्सना शोभेल असा पांढराशुभ्र, उंच, बंद डब्यातला ब्रश हौसेने आणला. पाहुण्यांनी कौतुकही केले. महिन्याभरात वास येऊ लागला. मग एके पहाटे फजरच्या वुजूसाठी गेलेल्या अम्मींचा पाय डब्याला लागला, डबा आडवा झाला आणि तळाशी साचलेले काळे पाणी थेट त्यांच्या सलवारवर. थंडीचे दिवस, त्यात गुडघ्यांचे दुखणे. पाय धुऊन, कपडे बदलून त्यांनी कशीबशी नमाज गाठली. त्या काही बोलल्या नाहीत, पण आम्हाला फार लाज वाटली.

लघवीपासून न जपणाऱ्याला कबरीत अजाब होत असल्याचे हुजूर (सल्ल.) यांनी दोन कबरींजवळून जाताना सांगितले. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. आपण अंगाच्या तहारतीला जपतो, पण ज्या ब्रशने भांडे घासतो तो तसाच ठिबकत कोपऱ्यात ठेवतो. फ्लॅटमध्ये तर संडास, अंघोळ आणि वुजू एकाच चार-पाच फुटांत!

म्हणून ब्रशच्या आधी स्टँड पाहावा. हवा खेळेल असा उघडा आणि खालची वाटी सुटी काढून धुता येईल असा. भिंतीला टांगायचा सगळ्यात बरा. पाय लागत नाही, खालची फरशीही पुसता येते. मात्र चिकटपट्टीवाले स्टँड ओलीत सुटतात, शक्यतो स्क्रूचा घ्यावा.

सध्या सिलिकॉनच्या ब्रशची चलती आहे. तो दिसतो छान, लवकर वाळतो, त्याला घाण चिकटत नाही. पण बोअरच्या पाण्याचे पिवळे थर त्याने निघत नाहीत. तिथे नायलॉनचे ताठ केसच हवेत. कमोडला कडेखाली वळणारे टोक असावे, भारतीय बैठकीच्या भांड्याला लांब दांडा. चमकत्या मुलाम्याचा पोकळ दांडा टाळावा. ॲसिडने मुलामा उडतो, सांध्यातून पाणी आत शिरते आणि ब्रश उलटा धरला की हातावर येते.

वापरून झाल्यावर फ्लशच्या स्वच्छ पाण्यात ब्रश खळबळावा. झटकू नये, शिंतोडे तिथेच उडतात. सीटखाली दांडा दाबून ब्रश दहा मिनिटे भांड्यावरच निथळू द्यावा, मग स्टँडमध्ये ठेवावा. आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला, कामवाल्या बाईंनाही सांगून ठेवावी: ॲसिडचे क्लीनर आणि ब्लीच कधीही एकत्र ओतू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि आपली न्हाणीघरे असतात बंद, एका झरोक्याची. केस फाकले की ब्रश बदलावा. मोरी घासायला म्हणून जपून ठेवू नये.

आमच्याकडे आता भिंतीवर साधा पोपटी ब्रश टांगला आहे. अम्मींनी पाहिला आणि विचारले, "रंग दुसरा नव्हता का?"