विश्लेषण : कंट्रोलर फोनला जोडला, तरी गेममध्ये का चालत नाही?

वसई-विरारकरांना लॅमिंग्टन रोड नवा नाही. विरार लोकलने ग्रँट रोडला उतरायचे, दोन-चार दुकाने पालथी घालायची आणि मुलासाठी गेम कंट्रोलर घेऊन परतायचे. घरी तो फोनला जोडला जातो, दिवाही लागतो. पण गेममधला खेळाडू जागचा हलत नाही. वस्तू खराब निघाली असे वाटते. अनेकदा ती खराब नसते, जुळत नसते.

जुळणे म्हणजे नेमके काय?

तीन गोष्टी जमाव्या लागतात. कंट्रोलर फोनला केबलने किंवा ब्लूटूथने जोडता आला पाहिजे, फोनच्या ऑपरेटिंग सिस्टीमने त्याची बटणे ओळखली पाहिजेत आणि गेममध्ये कंट्रोलरची सोय हवी. तिसरी गोष्ट नसेल, तर महागडा कंट्रोलरही निरुपयोगी. ‘कॉल ऑफ ड्यूटी : मोबाइल’मध्ये ही सोय आहे, ‘बीजीएमआय’मध्ये अधिकृतपणे नाही.

कोणता कंट्रोलर कुठे चालतो?

आयफोनवर प्लेस्टेशन ४ आणि ब्लूटूथ असलेले एक्सबॉक्स कंट्रोलर २०१९च्या आयओएस १३पासून चालतात. प्लेस्टेशन ५च्या कंट्रोलरसाठी किमान आयओएस १४.५ हवे. अँड्रॉइडवर हाच कंट्रोलर वापरायचा तर अँड्रॉइड १२ किंवा त्यापुढची आवृत्ती असलेली बरी. केबलने जोडायचे असल्यास फोनमध्ये ‘ओटीजी’ आहे का, ते आधी पाहावे.

कन्सोलचे नियम वेगळे. एक्सबॉक्स वनचा कंट्रोलर नव्या एक्सबॉक्स सिरीजवर चालतो. प्लेस्टेशन ४चा कंट्रोलर मात्र प्लेस्टेशन ५वर जोडला, तरी त्यावर प्लेस्टेशन ४चेच गेम खेळता येतात.

जुना कंट्रोलर घेताना काय पाहावे?

२०१३च्या सुरुवातीच्या एक्सबॉक्स वन कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ नव्हते. ते २०१६मध्ये आले. ओळखायची खूण सोपी आहे. मधल्या एक्सबॉक्स बटणाभोवतीचे प्लास्टिक पुढच्या भागाशी सलग असेल, तर ब्लूटूथ आहे. ते वरच्या खांद्यावरील बटणांच्या चकचकीत पट्टीचा भाग असेल, तर नाही.

‘एक्स’ आणि ‘डी’ म्हणजे काय?

काही कंट्रोलरवर अशी कळ असते. ‘डी’ म्हणजे विंडोजची जुनी डायरेक्टइनपुट पद्धत, ‘एक्स’ म्हणजे एक्सबॉक्स ३६०च्या काळात आलेली एक्सइनपुट. संगणकावरचे बहुतेक नवे गेम ‘एक्स’ ओळखतात. अँड्रॉइड आणि निन्टेंडो स्विचसाठी काही कंट्रोलरवर वेगळे मोड असतात. कोणते बटण दाबून सुरू करायचे, ते माहितीपत्रकात दिलेले असते. चुकीच्या मोडमुळेच अनेकदा ‘चालत नाही’ अशी तक्रार होते.

पैसे देण्यापूर्वी काय करावे?

आपला फोन सोबत न्यावा, हवा तो गेम त्यात आधीच टाकून ठेवावा आणि दुकानातच कंट्रोलर जोडून दोन मिनिटे खेळून पाहावे. बदलून देण्याची अट बिलावर लिहून घ्यावी. पुढे दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दुकानातल्या त्या दोन मिनिटांत ग्रँट रोडची दुसरी फेरी वाचते.