संघटनेचे गीत आणि मागच्या रांगेतले हसू

कोणत्याही संघटनेच्या वार्षिक सभेस जावे. अध्यक्षांचे भाषण संपते, आभारप्रदर्शन होते, आणि मग सर्वांनी उभे राहून संघटनेचे गीत म्हणावयाचे असते. व्यासपीठावरील मंडळी गंभीर चेहऱ्याने सुरुवात करतात. पुढच्या रांगा साथ देतात. मागच्या रांगेत मात्र निराळेच काही चाललेले असते. चाल तीच, ठेका तोच. पण शब्द बदललेले. कोणीतरी हळूच एक ओळ फिरवतो, शेजारचा तोंडावर हात धरतो, आणि हसू रांगभर पसरते. स्वयंसेवकांचे पथक असो, व्यायामशाळा असो, पतपेढी असो की कामगारांची युनियन असो. हा अनुभव सगळीकडचा आहे.

या हसण्याचा अर्थ काय लावावयाचा? ही शिस्तीची पायमल्ली, की संघटनेविषयीची अनास्था, की आणखी काही? आम्ही पुष्कळ वर्षे पहिलेच उत्तर बरोबर मानीत होतो. आज मानीत नाही. का मानीत नाही, ते एका प्रसिद्ध गीताच्या हकिकतीवरून सांगावयाचे आहे.

त्याआधी, अशी गीते बहुधा भाबडी, भडक आणि किंचित हास्यास्पद का होतात, एवढे पाहू. तो सर्वस्वी कवीचा दोष नसतो. संघटनेचे गीत शंभर जणांनी मिळून म्हणावयाचे असते आणि त्यांतल्या बहुतेकांना सुराचे ज्ञान नसते. म्हणून चाल सोपी हवी. त्यातला कोणताही शब्द कोणाला खटकता कामा नये. म्हणून शब्द मोठे आणि मोघम हवेत. उषा, मशाल, पाऊल, विजय यांवाचून मग गत्यंतर नसते. शिवाय ते उत्साहाच्या दिवशी लिहिले जाते आणि कंटाळ्याच्या दिवशीही म्हणावे लागते. संप चालू असताना गेटवर जे शब्द अंगावर काटा उभा करतात, तेच शब्द हिशेबतपासनिसाच्या नेमणुकीचा ठराव झाल्यावर म्हटले की हसू येते. शब्द तेच असतात, प्रसंग बदललेला असतो. थट्टेचा उगम या अंतरात आहे.

आता ती हकिकत. ब्रिटनच्या मजूर पक्षाचे ‘द रेड फ्लॅग’ म्हणजे लाल झेंड्याचे गीत जगभरच्या कामगार चळवळीत माहीत आहे. त्याचा कर्ता जिम कॉनेल हा आयर्लंडचा. तरुणपणी त्याने डब्लिनच्या गोदीत काम केले होते. १८८९ साली लंडनच्या गोदी कामगारांचा मोठा संप झाला. तासाला सहा पेन्स मजुरी ही मुख्य मागणी होती आणि सुमारे पाच आठवड्यांनी ती पदरात पडली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कॉनेल एका समाजवादी वक्त्याचे व्याख्यान ऐकून चेरिंग क्रॉसहून न्यू क्रॉसला आगगाडीने घरी निघाला होता. त्या प्रवासात त्याला हे गीत सुचले. व्याख्यानाला येणाऱ्या श्रोत्यांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी! ‘जस्टिस’ या पत्राच्या नाताळ अंकात ते छापून आले.

कॉनेलच्या मनात ‘द व्हाइट कॉकेड’ ही जुनी, नाचरी चाल होती. परंतु १८९५ मध्ये ॲडॉल्फ स्मिथ हेडिंग्ले यांनी ते ‘टॅननबाउम’ या जर्मन गाण्याच्या चालीवर बसवले आणि तीच चाल रूढ झाली. टॅननबाउम म्हणजे नाताळात सजवतात ते झाड. हुतात्म्यांचे गीत अशा रीतीने नाताळच्या झाडाच्या संथ चालीवर म्हटले जाऊ लागले. कॉनेलला हे मुळीच रुचले नाही. हे चर्चमधले संगीत झाले, अशी त्याची तक्रार होती. बर्नार्ड शॉ यांच्या नावावर तर असे सांगतात की, या गीताला त्यांनी तळलेल्या वाम माशाच्या अंत्ययात्रेचे संगीत म्हटले. शॉ हे काही पक्षाचे वैरी नव्हते. पक्षाच्या स्थापनेत भाग घेणाऱ्या फेबियन सोसायटीचे ते आघाडीचे सभासद होते. म्हणजे थट्टेला सुरुवात घरातूनच झाली.

पुढे या गीताची दोन विडंबने फार लोकप्रिय झाली. त्यांचे कर्ते कोण, हे विचारण्यात अर्थ नाही. अशी गाणी एक माणूस लिहीत नाही, ती तोंडोतोंडी तयार होतात. पहिल्यात एक कामगार मोठ्या आनंदाने सांगतो की, आपल्याला एकदाची फोरमनची जागा मिळाली, आता कामगारवर्गाने आपल्यापासून दूर राहावे. (त्याचे मूळ शब्द याहून पुष्कळच शिवराळ आहेत.) दुसऱ्यात झेंड्याचा रंग लाल राहिला नसून फिकट गुलाबी झाला आहे, असे गायले जाते. दोन्ही गाणी पक्षातल्या व युनियनमधल्या लोकांनीच आवडीने म्हटली आहेत.

ही विडंबने नीट पाहिली तर त्यांची रचना कळते. विडंबन करणारा सगळे गीत बदलत नाही. चाल ठेवतो, वाक्याचा साचा ठेवतो, आणि एकच कळीचा शब्द काढून त्या जागी दुसरा बसवतो. ऐकणाऱ्याच्या कानात मूळ शब्द आधीच वाजत असतो, त्यामुळे दोन्ही शब्द एकाच वेळी ऐकू येतात. लाल म्हणावयाचे तेथे गुलाबी म्हटले की, वचन काय होते आणि प्रत्यक्षात काय झाले, याचा जमाखर्च एका शब्दात मांडला जातो. पहिले गाणे म्हणते, आमच्यातून वर गेलेला माणूस आमचा राहत नाही. दुसरे म्हणते, नेत्यांनी तत्त्व पातळ केले. हे दोन्ही आरोप सभेत उठून मांडावयाचे तर नाव नोंदवावे लागते, पुरावा द्यावा लागतो, आणि अध्यक्ष घंटी वाजवतात ते निराळेच. गाण्यात मात्र सगळी रांग एकदम आरोप करते आणि जबाबदार कोणीच ठरत नाही.

तेव्हा पुढाऱ्यांना अशी गाणी बोचतात यात नवल नाही. मजूर पक्षाचे नेते रॅम्से मॅकडोनल्ड यांना तर मूळ गीतच आवडत नसे. १९२५ मध्ये त्याऐवजी नवे गीत मिळावे म्हणून ‘डेली हेरल्ड’ या पत्राने स्पर्धा लावली. तीनशेहून अधिक गीते आली. ह्यू रॉबर्टन हे वृंदगायनाचे नामांकित संचालक आणि जॉन मॅकॉर्मॅक हे विख्यात गायक परीक्षक होते. त्यांना एकही गीत पसंत पडले नाही आणि जुनेच कायम राहिले. मौज अशी की, १९३१ मध्ये मॅकडोनल्ड यांनी हुजूर पक्षाशी हातमिळवणी करून संयुक्त सरकार बनवले आणि मजूर पक्षाने त्यांना काढून टाकले. ज्यांना गीत नकोसे होते ते गेले. ज्या रांगा त्याला हसत होत्या त्या राहिल्या.

आणि त्या रांगा वेळ आली तेव्हा गायल्याही. १९४५ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या. १ ऑगस्टला नवे सभागृह भरले तेव्हा चर्चिल आत येताच त्यांच्या पक्षाने त्यांच्या गौरवाचे गाणे म्हटले. त्याला उत्तर म्हणून मजूर पक्षाच्या बाकांवरून लाल झेंड्याचे गीत उठले. २७ मे १९७६ रोजी जहाजबांधणी व विमान कारखान्यांच्या राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकावर सरकारने एका मताने बाजी मारली, तेव्हाही काही सभासदांनी तेच गीत सुरू केले. संतापून विरोधी पक्षाच्या मायकेल हेसल्टाइन यांनी सभागृहाचा राजदंडच उचलला. १९८६ मध्ये पक्षाने लाल झेंडा सोडून गुलाबाचे फूल ही खूण घेतली. थट्टेखोरांनी झेंडा गुलाबी ठरवला होताच, पक्षाने साक्षात गुलाबच आणला, असे मराठी माणसाला वाटल्यावाचून राहत नाही! १९९७ च्या निवडणुकीत तर प्रचारासाठी एक लोकप्रिय नाचगाणे निवडले गेले. ते त्या निवडणुकीपुरते चालले. जुने गीत मात्र पक्षाच्या परिषदांतून पुन्हा ऐकू येऊ लागले.

यावरून एक फरक ध्यानात येतो. विडंबन बाहेरचाही करतो. अमेरिकेतील कामगार कवी जो हिल याने १९११ मध्ये साल्व्हेशन आर्मीच्या एका भक्तिगीताच्या चालीवर आपले गाणे रचले. ते त्या संस्थेच्या उपदेशावर उगारलेले हत्यार होते. आपल्याकडे अत्रे यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये कवींची रेवडी उडवली, ती टीकाकाराच्या भूमिकेतून. सभासदाची थट्टा या जातीची नव्हे. आपल्याकडे भोंडल्याच्या गाण्यांत सासरची जी टिंगल चालते, ती सासर सोडून निघालेली बाई करीत नाही. तेथेच नांदावयाचे आहे, तीच करते. ज्याला राहावयाचे असते त्यालाच घराचे दोष गाण्यात घालावेसे वाटतात. जाणाऱ्याला गाणे पाठ असण्याचेही कारण उरत नाही.

हे आम्हांला पुस्तकातून कळले असे म्हटले तर ते खोटे होईल. आमच्या युनियनचेही एक गीत आहे. त्यात हाती मशाल धरण्याचा आदेश आहे. काही वर्षांपूर्वी वार्षिक मेळाव्यात कंत्राटी कामगारांपैकी चार-पाच पोरांनी मशालीच्या जागी ‘पावती’ हा शब्द घातला आणि हातवारे करून वर्गणीची पावती फाडून दाखवली. सभागृह हसले. आम्ही रागावलो. माईक बंद करावयास लावला, आणि हुतात्म्यांचा हा अपमान आहे, असे भाषणही ठोकले. पोरांनी मुकाट्याने ऐकून घेतले. पुढल्या वर्षी गीत सुरू झाले तेव्हा ती सगळी पोरे हात बांधून स्तब्ध उभी होती. कोणी शब्द बदलला नाही, कोणी हसले नाही, आणि कोणी गायलेही नाही. आम्हांला वाटले, शिस्त आली. त्यानंतरच्या सहा महिन्यांत त्यांच्यापैकी बहुतेकांनी वर्गणी देणे बंद केले. तेव्हा कोठे आम्ही जुनी इतिवृत्ते काढून पाहिली. कंत्राटी कामगारांकडून आम्ही तीन वर्षे नियमाने वर्गणी घेत होतो; त्या तीन वर्षांत त्यांचा एकही प्रश्न आमच्या कार्यकारिणीच्या विषयपत्रिकेवर आलेला नव्हता. पोरांनी एका शब्दात जे सांगितले होते ते समजावयास आम्हांला दीड वर्ष लागले. त्यांतले काही परत आले. सगळे आले नाहीत.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, मागच्या रांगेत हसू फुटले तर प्रथम शब्द कोणता बदलला ते ऐकावे. प्रत्येक थट्टेत तथ्य असतेच असे नाही. काही थट्टा नुसत्या कंटाळ्याची असते. ती चहा आला की थांबते. काही थट्टा दुबळ्या सभासदावर उलटते. ती मात्र वेळीच थांबवली पाहिजे. परंतु जी थट्टा वर, व्यासपीठाकडे, रोखलेली असते, ती विषयपत्रिकेवर न आलेला विषय समजावी आणि पुढच्या बैठकीत तिची नोंद घ्यावी. गीत बदलण्याची घाई करू नये. नवे गीतही काही वर्षांत तितकेच हास्यास्पद होईल, कारण दोष गीतात थोडा आणि वचन व करणी यांच्यातील अंतरात फार असतो.

आमच्या मेळाव्यात अजून तेच जुने गीत म्हटले जाते. मशालीची ओळ आली की मागे कोणीतरी ‘पावती’ म्हणतो. आता व्यासपीठावर आम्ही त्या ओळीची वाट पाहतो. ज्या वर्षी ती ऐकू येणार नाही, त्या वर्षी इतिवृत्त पुन्हा तपासावे लागेल.