पिशवी काढण्याआधी पोटाचे ऐकायचे, पण कसे?

'पोटात गोळा आला', 'काळजात धस्स झालं', 'मन घेईना'. निर्णयाच्या वेळी शरीर काहीतरी सांगते, हे आपल्या आयाबायांना कोणी शिकवावे लागले नाही. विज्ञान तेच वेगळ्या शब्दांत सांगते. आतड्यांच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचे जाळे असते. पोट आणि मेंदू यांना जोडणाऱ्या व्हेगस या चेतेतील बहुतेक तंतू निरोप खालून वर, म्हणजे मेंदूकडे नेतात. बेकारा आणि दामासिओ यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या पत्त्यांच्या प्रयोगात, कोणता गठ्ठा तोट्याचा हे लोकांना सांगता येण्याआधीच त्याकडे हात नेताना त्यांच्या तळव्यांना सूक्ष्म घाम येत होता. या प्रयोगावर पुढे बरेच वाद झाले. तरीही शरीराची खूण निर्णयात भाग घेते, ही गोष्ट आता गांभीर्याने घेतली जाते.

आमच्या बीड जिल्ह्यात मात्र हे ऐकणे फार महाग पडते. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती फेडायची असते. खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळीत ओटीपोट दुखले, अंगावरून पांढरे जाऊ लागले, तरी मोळी डोक्यावर असतेच. फडात ना संडास, ना पुरेसे पाणी. वर्षानुवर्षे दुखण्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागलेली बाई घरी परतल्यावर दवाखान्यात जाते आणि तिथे ऐकते, 'पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल.'

२०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर पाहणीचे आकडे आले. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक, आणि त्यांतल्या कित्येक तिशी-पस्तिशीच्या. पिशवी गेली की पाळी कायमची संपते; तिच्याबरोबर अंडाशयेही गेली तर हाडे लवकर ठिसूळ होतात, अंगात गरम वाफा येतात. कंबर मोडली की कोयताही सुटतो.

इथे एक पेच आहे. 'कॅन्सर' हा शब्द ऐकताच पोटात जो खड्डा पडतो, तोही शरीराचाच आवाज. त्याच भीतीच्या भरात अंगठा उमटतो. मग 'पोटाचे ऐका' एवढे सांगून कसे भागेल? भगवान बुद्धांनी सतिपट्ठानात काया आणि वेदना यांचे अनुपश्यन सांगितले. वेदना म्हणजे केवळ दुखणे नव्हे. सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली, अशी प्रत्येक अनुभूती. ती उठली हे ओळखायचे, तिच्यामागे लगेच धावायचे नाही. धसका खरा आहे, पण तो पिशवीतून आला की डॉक्टरांच्या वाक्यातून, हे तपासायला दोन दिवस तरी लागतात. कालामांनाही बुद्धांनी हेच सांगितले होते: केवळ कोणी मोठा माणूस म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः जाणा. आणि जाणकार कशाची प्रशंसा करतात, कशाची निंदा, तेही पाहा.

म्हणून आम्ही वस्तीवर बायांशी बोलताना आधी दुखणे विचारतो. कधीपासून, कुठे, पाळीशी त्याचा संबंध आहे का. मग बाकीचे: सोनोग्राफी झाली का? औषधे किती दिवस घेतली? अंडाशये ठेवणार का? दुसऱ्या डॉक्टरला, शक्यतो सरकारी रुग्णालयात, दाखवले का? पांढरे जाणे अनेकदा संसर्गाचे असते आणि औषधांनी बरे होते. अर्थात काही आजारांत शस्त्रक्रिया खरोखरच लागते. तिथे टाळाटाळ जिवावर बेतू शकते.

अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत लागू करण्यास राज्यांना सांगितले. बीडमध्ये तर त्याआधीच खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. 'परवानगी घेतली का?' हा प्रश्न टेबलावर जाण्याआधी कोणतीही बाई, तिची सासू किंवा नवरा विचारू शकतो.