विद्यापीठ ग्रंथालयाची ऑनलाइन तालिका : शोध कसा घ्यावा?

ग्रंथालयाची थोरवी केवळ त्यातील ग्रंथसंख्येवर ठरत नाही. हवा असलेला ग्रंथ गरजू वाचकाच्या हाती किती सुलभतेने पडतो, यावर ती ठरते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांपैकी एक वाचकाचा वेळ वाचविण्यासंबंधी आहे. ग्रंथतालिका हे त्या सूत्राचे प्रत्यक्ष साधन होय.

पूर्वी ही तालिका लाकडी खणांत ओळीने लावलेल्या पत्रांची असे. एकाच ग्रंथासाठी लेखकाचे, ग्रंथनामाचे आणि विषयाचे अशी निरनिराळी पत्रे केलेली असत. तालुक्याच्या गावच्या शिक्षकाला आपल्या जिल्ह्याच्या इतिहासावरील एखादा ग्रंथ विद्यापीठात आहे किंवा नाही एवढे पाहण्यासाठीही प्रवास करून तेथवर जावे लागे. आता बहुतेक विद्यापीठांच्या तालिका संगणकावर आल्या आहेत. 'इन्फ्लिबनेट' या संस्थेची 'सोल', न्यूझीलंडमध्ये तयार होऊन २००० सालापासून वापरात असलेली 'कोहा' यांसारख्या प्रणालींवर त्या चालतात. अनेक ठिकाणी तालिका पाहण्यासाठी सभासदत्वाचीही आवश्यकता नसते. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात बसून विद्यापीठाचा ग्रंथसंग्रह चाळता येतो.

असे असूनही अनेकांचा पहिला अनुभव निराशेचा असतो. शब्द लिहावा, कळ दाबावी आणि 'नोंद आढळली नाही' असे उत्तर यावे. वाचक समजतो की ग्रंथालयात ग्रंथच नाही. वस्तुतः पुष्कळदा ग्रंथ मांडणीवर असतो, फक्त त्याची नोंद वेगळ्या अक्षरांत झालेली असते. हा भेद ज्याने जाणला, त्याने निम्मे काम साधले असे म्हणता येईल.

तालिकेत काय असते?

तालिकेत ग्रंथ नसतो, ग्रंथाची नोंद असते. लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, प्रकाशनाचे वर्ष, विषय, वर्गांक व दाखल क्रमांक एवढाच तपशील तेथे मिळतो. ग्रंथाच्या आतील मजकुराचा शोध ती सहसा घेत नाही. म्हणून 'आमच्या गावच्या तलावाचा इतिहास' असे वाक्य लिहून उपयोग होत नाही. प्रश्न तालिकेला विचारावयाचा नसून, ज्या ग्रंथात त्याचे उत्तर असेल त्या ग्रंथाच्या नोंदीत कोणते शब्द असतील, याचा विचार करावयाचा असतो. गावच्या तलावासाठी जिल्ह्याचे नाव, 'गॅझेटिअर', 'पाटबंधारे', 'जलव्यवस्थापन' असे शब्द घ्यावेत.

लेखकाचे नाव ठाऊक असल्यास शोधाचा रकाना 'लेखक' असा निवडून प्रथम आडनाव लिहावे. आद्याक्षरे सुरुवातीस गाळावीत, कारण एका नोंदीत ती असतात, तर दुसरीत पूर्ण नाव असते. टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकांचा शोध दोन्ही नावांनी घ्यावा. 'कुसुमाग्रज' या नावाखाली न सापडलेला ग्रंथ 'शिरवाडकर' या नावाखाली सापडू शकतो. ग्रंथनाम पूर्ण आठवत नसेल, तर त्यातील दोन ठळक शब्द पुरेसे होतात.

एक नाव, अनेक अक्षररूपे

मराठी वाचकाची खरी अडचण लिपीची आहे. संगणकीकरणाच्या आरंभीच्या काळात अनेक ग्रंथालयांनी मराठी ग्रंथांच्या नोंदी रोमन लिपीत केल्या. अशा नोंदींत एकच शब्द निरनिराळ्या प्रकारे लिहिला गेला आहे. 'ज्ञानेश्वरी' या शब्दाचा आरंभ कोठे 'डी-एन-वाय', कोठे 'जे-एन', तर कोठे 'जी-वाय' या अक्षरांनी केलेला आढळतो. यासाठी देवनागरीत शोध घेतल्यानंतर रोमन लिपीतही दोन-तीन प्रकारे लिहून पाहावे.

देवनागरी नोंदींतही लेखनभेद असतो. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी छापलेल्या ग्रंथांच्या नावांत आज न लिहिले जाणारे अनुस्वार आहेत. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या सुप्रसिद्ध साधनग्रंथमालेच्या नावात 'साधनें' असा अनुस्वारयुक्त शब्द आहे. 'साधने' असे लिहिल्यास प्रत्येक तालिकेत तो आढळेलच असे नाही. अशा वेळी शब्दाचा निश्चित असलेला भाग लिहून पुढे तारकाचिन्ह द्यावे. अनेक प्रणालींत या चिन्हामुळे त्या अक्षरांनी सुरू होणारे सर्व शब्द शोधले जातात.

स्थलनामांच्या बाबतीत तर विशेष दक्षता हवी. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १८८४ मधील खंड 'शोलापूर' या नावाचा आहे आणि १८८५ मधील खंड 'पूना' या नावाचा. केवळ 'सोलापूर' वा 'पुणे' असे लिहिणाऱ्यास ते खंड कदाचित दिसणार नाहीत. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव झाले, परंतु त्यापूर्वीच्या ग्रंथांवरील नावे बदललेली नाहीत. जिल्ह्याची माहिती शोधताना जुने व नवे अशी दोन्ही नावे वापरणे अगत्याचे आहे.

एका ग्रंथावरून दहा ग्रंथ

विषयानुसार शोध घेताना नेमका शब्द सुचत नाही. तालिकाकार प्रत्येक ग्रंथाला ठरावीक विषयशीर्षक देतो आणि विद्यापीठांत ते बहुधा इंग्रजीत असते. वाचकाच्या मनात 'पाणलोट क्षेत्र विकास' असते, तर नोंदीत 'वॉटरशेड मॅनेजमेंट'. यावर एक सोपा उपाय आहे. आपल्या विषयावरील एक तरी चांगला ग्रंथ कसाही करून शोधावा व त्याची सविस्तर नोंद उघडावी. तेथील विषयशीर्षकावर कळ दाबताच त्याच शीर्षकाखालील इतर ग्रंथांची यादी समोर येते.

वर्गांकाचाही असाच उपयोग होतो. अनेक विद्यापीठांत वापरल्या जाणाऱ्या ड्युई दशांश वर्गीकरणात, जे प्रथम १८७६ मध्ये प्रसिद्ध झाले, ३७० हा शिक्षणाचा, ६३० हा शेतीचा, ६२८.१ हा पाणीपुरवठ्याचा व ८९१.४६ हा मराठी साहित्याचा अंक आहे. भाषा कोणतीही असो, लेखन कसेही असो, एका विषयाचे ग्रंथ एकाच अंकाखाली येतात. लेखनभेदाची अडचण येथे उरत नाही.

यादी फार मोठी आल्यास शब्दांची जोड द्यावी. 'आणि' या अर्थाच्या जोडीने दोन्ही शब्द असलेल्याच नोंदी मिळतात व यादी आटोपशीर होते. 'किंवा' या अर्थाच्या जोडीने दोहोंपैकी कोणताही शब्द असलेल्या नोंदी येतात. जुन्या व नव्या स्थलनामांसाठी ही दुसरी जोड फार उपयोगी पडते. त्यानंतर भाषा, वर्ष व ग्रंथप्रकार यांची मर्यादा घालावी. मात्र आरंभीच सर्व मर्यादा घातल्यास हवा असलेला ग्रंथही गळून पडतो.

नोंद सापडल्यानंतर

ग्रंथ सापडला की त्याची स्थिती पाहावी. 'उपलब्ध', 'वाचकाकडे दिलेला', 'केवळ संदर्भासाठी' असे शेरे नोंदीपुढे असतात. संदर्भ ग्रंथ घरी मिळत नाही, तो तेथेच बसून वाचावा लागतो. हे आधी कळल्यास व्यर्थ फेरी वाचते. ग्रंथाचा वर्गांक, दाखल क्रमांक व विभाग लिहून घ्यावेत. देवघेव विभागात एवढे सांगितले तरी काम होते.

एका विद्यापीठात ग्रंथ नसल्यास शोध तेथेच थांबवू नये. इन्फ्लिबनेटच्या 'इंडकॅट' या संयुक्त तालिकेत देशातील अनेक विद्यापीठांच्या नोंदी एकत्र पाहता येतात, तर 'शोधगंगा' या संग्रहात पीएच.डी.चे प्रबंध मूळ स्वरूपात विनामूल्य वाचावयास मिळतात. आपल्या तालुक्यातील शेती, बोली, बाजार वा लोकजीवन यांवर कोणी संशोधन केले आहे काय, हे तेथे अवश्य पाहावे.

इतके करूनही नोंद न मिळाल्यास ग्रंथ नाहीच, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. जुन्या संग्रहांतील सर्वच ग्रंथ संगणकावर चढलेले असतात असे नाही. काहींची पत्रे अद्याप जुन्या खणांतच असतात. अशा वेळी ग्रंथपालास विचारणे हाच उत्तम मार्ग होय. एखाद्या नोंदीत चूक आढळल्यास तीही त्यांच्या नजरेस आणावी, कारण चुकीच्या नोंदीचा ग्रंथ मांडणीवर असूनही हरवल्यासारखाच असतो. एका शिक्षकाने दाखविलेली चूक दुरुस्त झाली, तर पुढे शोध घेणाऱ्या प्रत्येकाला तो ग्रंथ मिळतो.

सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले हे ग्रंथसंग्रह केवळ विद्यापीठाच्या आवारापुरते नाहीत. गावाचा आराखडा करणाऱ्या पंचायत सदस्याला, प्रकल्प अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला आणि विद्यार्थ्यांना परिसराचा इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकाला त्यांची तितकीच गरज आहे. तालिकेचे दार गावापर्यंत येऊन पोहोचले आहे. ते उघडण्यासाठी शब्दांची थोडी जाण आणि दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वेगळ्या अक्षरांत शोधण्याची चिकाटी एवढेच पुरे आहे.