कोकरांची वाढ आणि खाद्यातील ऊर्जा

जयपूरनजीक टोंक जिल्ह्यातील अविकानगर येथे केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था १९६२ पासून कार्यरत आहे. मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या कोकरांचा आहार हा तिच्या अभ्यासाचा एक विषय आहे.

खाद्यातील ऊर्जा प्रथम श्वसन, हालचाल व शरीराचे तापमान राखण्यासाठी खर्च होते. उरलेल्या ऊर्जेतूनच वजन वाढते. उन्हाळ्यात माळरान सुकले की चाऱ्यासाठी पायपीट वाढते आणि वाढ खुंटते. अशा वेळी धान्य व पेंड यांचे पूरक खाद्य उपयोगी ठरते.

मात्र आहारात पुरेशी प्रथिने नसल्यास, तसेच कोकरू प्रौढ होऊ लागल्यावर, जादा ऊर्जा चरबीच्या रूपाने साठते. तेवढ्याच वजनाच्या मांसापेक्षा चरबीसाठी अधिक खाद्य लागते. त्यामुळे वाढीच्या वयात दिलेला दाणाच मेंढपाळाला अधिक लाभदायक ठरतो.