टीबीसारखा, पण टीबी नव्हे!

परळ-लालबागच्या चाळीत कुणाचा खोकला लांबला, की आधी आठवते शिवडीचे टीबी रुग्णालय. पण मैत्रिणींनो, बेडक्यात जंतू दिसले म्हणजे टीबीच, असे नाही. पाण्यामातीत राहणारे त्याचे चुलतभाऊही सूक्ष्मदर्शकाखाली तसेच दिसतात. औषधांनी उतार पडेना, तर बेडक्याचे ‘कल्चर’ करून जंतूची जात ओळखली का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. त्यांतल्या नेहमीच्या जातीवर अ‍ॅझिथ्रोमायसिन, रिफॅम्पिसिन, एथॅम्ब्युटॉल एकत्र देतात. तीही बेडका जंतुमुक्त झाल्यावर आणखी वर्षभर! रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते, घाबरू नका. मात्र पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांचा भरवसा उरत नाही. एथॅम्ब्युटॉलने नजर अंधुकली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. आणि सूनबाईचे ताट वेगळे मांडू नका! टीबीसुद्धा ताटवाटीतून पसरत नाही. हा आजार तर सहसा एकापासून दुसऱ्याला होतच नाही.